दाराच्या आतून पाहिलेला शिमगा

गेल्या ऑक्टोबरअखेरीस मी लेकीकडे पुण्याला होते. संध्याकाळी सातच्या सुमारास बेल वाजली. दार उघडते तो समोर सात-आठ पोरं. एक सांगाडा, दोन चेटकिणी, एक लाल झगेवाला, आणि बाकीची कोण होती ते मला ओळखता आलं नाही. प्रत्येकाच्या हातात भोपळ्याच्या आकाराची प्लास्टिकची बादली. "आजी, ट्रिक ऑर ट्रीट!" असा एकच गलका.

लेकीने सकाळीच वाडग्यात चॉकलेटं काढून ठेवली होती आणि दाराला कागदाचा भोपळा चिकटवला होता. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यादी होती म्हणे. ज्यांना मुलं आलेली चालणार आहेत त्यांनी नाव लिहायचं आणि मुलांनी तेवढीच दारं वाजवायची. मी प्रत्येकाच्या बादलीत दोन-दोन चॉकलेटं टाकली. "थँक्यू आजी" म्हणत वरात शेजारच्या दाराकडे गेली. मागे दोन आया मोबाइलवर फोटो काढत होत्या.

दार लावलं आणि मला हसूच आलं. जावई म्हणाले, "काय झालं, आई?" म्हटलं, "काही नाही, पोरं पोस्त मागायला आली होती. पण बोंब नाही मारली कुणी."

जावई घाटावरचे, त्यांना पोस्त कळलं नाही. नातीला कळण्याचा प्रश्नच नव्हता. तिला म्हटलं, लिहून ठेवते, सवड झाली की वाच. तर हा लेख मुख्यतः तिच्यासाठी, आणि नेहमी वाचणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी.

आमचं गाव पोलादपूरपासून महाबळेश्वरच्या बाजूला, आंबेनळी घाटाच्या अलीकडे. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. आमच्याकडे होळी एका दिवसाची नसायची. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून पोरं रोज संध्याकाळी लहान होळ्या पेटवायची आणि पौर्णिमेला मोठा होम व्हायचा. एवढ्या होळ्यांना जळण लागायचं. ते गोळा करायला वाडीतली पोरं टोळीने दारोदार फिरायची. लाकडं द्या, शेण्या द्या, पेंढा द्या. आणि पौर्णिमेनंतर मागणं पैशांचं. त्याला म्हणायचं पोस्त. पोस्त म्हणजे सणाची बक्षिसी. खाली सिंधुदुर्गाकडे यालाच शबय म्हणतात, असं तिकडच्या एका सहशिक्षिकेने मला सांगितलं होतं.

मागण्याची रीत ठरलेली. अंगणात उभं राहून एका सुरात ओरडायचं. अर्थ एवढाच, की दिल्याशिवाय आम्ही हलत नाही. दिलं तर घराचं भलं चिंतायचं. नाही दिलं तर उलटा हात तोंडावर मारून त्या घराच्या नावाने बोंब. आणि रात्री जे हाताला लागेल ते उचलून होळीत. ही चोरी मानली जात नसे. पहाटे आपली वस्तू होळीत अर्धी जळालेली दिसली तरी तक्रार करायची सोय नव्हती, उलट लोक हसायचे.

आता हे मी सगळं पाहिलं ते दाराच्या आतून. मुलींनी टोळीत जायचं नव्हतं. शिमग्याच्या दिवसांत पोरांच्या आणि बाप्यांच्याही तोंडाला धरबंद नसायचा, त्यामुळे संध्याकाळनंतर बायका-मुली अंगणात दिसायच्या नाहीत. आम्हा मुलींचं दारोदार फिरणं संक्रांतीचं, हातात तिळगुळाचा डबा घेऊन. पण त्यात मागणं नसायचं, देणं आणि नमस्कार करणं. मागण्याचा अधिकार मुलग्यांचा.

म्हणून माझं काम देण्याचं. आई पडवीत आधीच रचून ठेवायची. पाच शेण्या, दोन ओंडके, थोडा पेंढा. आणि बाकीचं लपवायचं. यात एक कारण होतं, जे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे भाताचं रोप करायच्या आधी जमीन भाजतात. झाडांचा टाहाळ, शेण, पालापाचोळा, गवत असं थरावर थर लावून पेटवतात. त्याला राब म्हणतात. हा टाहाळ थंडीपासून तोडून, वाळवून, रचून ठेवलेला असतो आणि शिमग्याच्या सुमारास तो नेमका तयार असतो. पोरांनी रात्री त्याला हात घातला तर जूनमध्ये रोप धड येत नाही. त्यामुळे ज्याच्याकडे चार माणसं राखणीला होती त्याचा राब वाचायचा. ज्याच्याकडे कुणी नव्हतं त्याचं काही खरं नव्हतं.

आमच्या घरामागे एक म्हातारी एकटी राहायची. मुलगा मुंबईत होता, पण त्याची मनीऑर्डर कधी यायची, कधी नाही. ती पोरांना काही द्यायची नाही, कारण द्यायला काही नसायचंच. एका वर्षी पोरांनी तिच्या न्हाणीची ताटी उचलून नेली. सकाळी ती रिकाम्या न्हाणीसमोर उभी राहून शिव्या देत होती, आणि ती शिव्या देते म्हणून पोरं रोज तिच्या दारात जाऊन बोंब मारत होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमच्या खिडकीतून पाहत मी पोट धरून हसले. पुढे कितीतरी दिवस ती पहाटे अंधारात अंघोळ उरकायची, हे मी पाहिलं होतं, पण त्याचा आणि त्या हसण्याचा संबंध मला फार उशिरा लागला.

पैशांचं मागणं मुख्यतः मुंबईकरांकडे. गिरणीत, गोदीत असलेले बाप्ये शिमग्याला हमखास गावी यायचे. त्यांच्या दारात टोळी जास्त वेळ थांबायची. १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे सुरू झाले. त्यानंतरच्या शिमग्यात आमच्या चुलत्यांनी पोरांना एक आण्याऐवजी सहा नवे पैसे दिले. हिशेबाने बरोबर, पण पोरांना नाणी नवी आणि विश्वास नव्हता. फसवलं म्हणून त्यांनी बोंब मारली ती मारलीच.

होम झाला की ग्रामदेवतेची पालखी घरोघर निघायची. ढोल-सनई, पुढे नाचणारी सोंगं, साडी नेसून गोमू झालेला एखादा मुलगा, खेळे. दार सारवून, रांगोळी घालून सगळं घर वाट पाहत उभं असायचं. पोरं दारात आली की मागायची, पालखी दारात आली की घरातले मागायचे. नोकरी लागू दे, पोर बरं होऊ दे. एकाच आठवड्यात त्याच उंबऱ्यावर घर देणारंही व्हायचं आणि घेणारंही. लहानपणी मला वाटायचं की पालखी सगळ्या गावात फिरते.

ती सगळ्या गावात फिरत नव्हती, हे मला बाई झाल्यावर कळलं.

बी.ए. झाल्यावर सत्तरीच्या दशकात मी तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेवर रुजू झाले. तिथेही शिमग्यात वर्ग ओस पडायचा. पोरं पोस्त मागत हिंडायची आणि माझ्याही खोलीवर यायची. एका वर्षी शिमगा संपल्यावर मी वर्गात सहज, हसत हसत विचारलं, कुणाला किती पोस्त मिळालं? सगळी ओरडून आकडे सांगू लागली. बौद्धवाडीतला एक मुलगा गप्प होता. हुशार मुलगा. मी म्हटलं, "तू का नाही आलास रे माझ्याकडे?" तो खाली बघून म्हणाला, "आजा नाही म्हणतो. मागायचं नाही."

मला वाटलं आजोबा कडक असतील. काही दिवसांनी हजेरीच्या कामाने त्यांच्या वाडीत गेले तेव्हा ते ओट्यावर बसलेले. मी विषय काढला, जरा समजावण्याच्याच सुरात, की पोरांचा खेळ असतो तो. ते शांतपणे म्हणाले, "तुमची पोरं मागतात तो खेळ, बाई. आम्ही मागायचो तो खेळ नव्हता." मग त्यांनी सांगितलं. लहानपणी सणाच्या दुसऱ्या दिवशी ते आईबरोबर टोपली घेऊन गावात जायचे. अंगणाच्या कडेला उभं राहायचं, हाक मारायची, वरून टाकतील ते शिळं घ्यायचं. गावकीची कामं करायची आणि वर्षाला असं मिळवायचं. शिमग्याच्या पोळ्यासुद्धा अशाच, दुसऱ्या दिवशीच्या. "महाडानंतर माझ्या बापानं टोपली फेकून दिली. तेव्हापासून कुणाच्या दारात उभं राहायचं नाही."

महाडचा इतिहास मी मुलांना शिकवत होते. रावबहादूर बोल्यांचा ठराव १९२३ चा, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा. महाड नगरपालिकेने तो १९२४ साली स्वीकारला, पण तळ्याचं पाणी कुणी पिऊ शकलं नाही. मग कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ आणि २० मार्च १९२७ ला भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, सुरेंद्रनाथ टिपणीस अशी इथलीच माणसं त्यामागे होती. २० तारखेला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. मग आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून जेवणाऱ्या माणसांवर हल्ला झाला. डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन झालं. कोर्टाचा लढा थेट १९३७ पर्यंत चालला, तेव्हा उच्च न्यायालयाने तळ्याचा निकाल बाजूने दिला. हे सगळं मला पाठ होतं.

पण दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. एक तर त्या मार्चच्या परिषदेत बाबासाहेबांनी पाण्याइतकंच आग्रहाने सांगितलं होतं, की मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका, शिळे तुकडे मागू नका. आणि दुसरी, तिथीची. त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा परिषदेच्या दोनएक दिवसच आधी होऊन गेली होती. म्हणजे परिषद ऐन शिमग्यात भरली होती. महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांत एकीकडे पोरं दारोदार मागत हिंडत असणार, आणि त्याच दिवसांत दुसरीकडे माणसं कुणाच्या दारात मागायचं नाही असं ठरवून घरी परतत होती. काही डोकी फुटलेल्या अवस्थेत.

त्या दिवशी ओट्यावर मला काही बोलता आलं नाही. चहा दिला, तो घेतला. पालखी तुमच्याकडे येते का, असं विचारायचं मनात होतं, ते विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

आता थोडं त्या भोपळेवाल्यांविषयी. लेकीकडून परत आल्यावर मी जरा वाचलं. जुन्या इंग्लंडात मृतांच्या दिवशी गरीब माणसं दारोदार जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायची आणि त्याबद्दल एक छोटा केक मिळवायची. अमेरिकेत पोरांचा धुमाकूळ इतका वाढला की फाटकं उपटणं, गाड्या उलटवणं नेहमीचं झालं. मग १९३० च्या दशकात मोठ्यांनी तोड काढली. पोरांनी मागावं, घरांनी खाऊ द्यावा, आणि नासधूस थांबावी. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा ते मंदावलं आणि नंतर पुन्हा फोफावलं. १९५० पासून काही मुलं युनिसेफच्या डब्यात दुसऱ्या मुलांसाठी पैसेही मागू लागली. १९८२ साली शिकागोकडे औषधाच्या गोळ्यांत कुणीतरी विष मिसळलं आणि माणसं मेली, त्यानंतर आईबाप पोरांचा खाऊ अधिकच तपासू लागले, सोबत फिरू लागले. पुण्यातल्या त्या दोन आया म्हणजे त्याच परंपरेतल्या.

१९८२ वाचून मी थबकले, कारण ते वर्ष आमच्याकडच्या पोस्ताचंही आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. मार्चमध्ये शिमगा आला. त्या वर्षी मुंबईकर नेहमीपेक्षा जास्त होते, कारण बरेच जण संपामुळे आधीच गावी येऊन बसले होते. पोरांना वाटलं, यंदा चंगळ. पण टोळी अंगणात आली की घरातले बाप्ये मागच्या दाराने परसात जायचे. माझे एक दीर असेच गोठ्यामागे जाऊन विडी ओढत उभे राहिलेले मी पाहिले. पुढे जाऊबाई पोरांना सांगत होत्या, "घरात नाहीत रे कुणी." पोरं बोंब मारून गेली. बोंब मारणं त्यांचा हक्कच होता. पण परसातून ती ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा मी विसरले नाही. त्यांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. पुढच्या शिमग्यात टोळीनेच ठरवलं, की गिरणीवाल्यांच्या दारात मागायचं नाही, नुसता नाच करून पुढे जायचं. पोरांना हे कुणी शिकवलं ते मला कळलं नाही. आमच्या शाळेने तर नक्कीच नाही.

नव्वदीनंतर मागणं घरांवरून रस्त्यावर सरकलं. मुंबई-गोवा महामार्गावर दोरी आडवी धरायची, गाडी थांबवायची आणि पोस्त मागायचं. अनोळखी ड्रायव्हर, भरधाव गाड्या. तोपर्यंत मी मुख्याध्यापिका झाले होते आणि दर फाल्गुनात प्रार्थनेच्या वेळी दम देत होते. कितीसा उपयोग झाला कोण जाणे. शेवटी दोरी रस्त्यानेच सोडवली. महामार्ग चौपदरी झाला, २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्यातून गाड्या जाऊ लागल्या, आणि आता तिथे कोण कुणाला थांबवणार?

गावांतल्या मागण्याचीही पावती झाली. मंडळ आलं, पावतीपुस्तक आलं, वर्गणीचा आकडा आधीच ठरू लागला. बीभत्स ओरडणं बरंच कमी झालं, पोरी आता पालखीपुढे नाचतात, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही मोहीम चालवली. त्यातही मुलं घरोघरी मागतातच, पण आगीत जाणाऱ्या पोळ्या कुणाच्या तरी पोटात जाव्यात म्हणून. पोळी ताजी हवी, त्याच दिवशीची हवी, एवढं मात्र मी जिथे बोलावतील तिथे सांगते. कारण तुम्हाला आता ठाऊक आहे.

२०२१ च्या मार्चमध्ये करोनामुळे सरकारने सांगितलं की कोकणात पालखी घरोघर नेऊ नये, देवळातच दर्शन घ्यावं. माझ्या आयुष्यात प्रथमच शिमग्यात आमच्या दारात कुणी आलं नाही. आणि त्याच वर्षी २२ जुलैला सावित्री महाडात शिरली. निवृत्तीनंतर मी महाडात राहते. आम्ही वरच्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो, खालचं काही राहिलं नाही. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडींनी माणसं नेली. त्यापुढे आमचं नुकसान काहीच नाही.

पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी चिखलातून दोन मुलं दारात आली. विशीतली असतील, बोली घाटावरची. खांद्यावर पोतं. "आजी, घ्या," म्हणून एकाने बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या आणि एक चादर पुढे केली.

मला हात पुढे करता येईना. घरात प्यायला पाणी नव्हतं, तरी येईना. सत्तर वर्षं मी दाराच्या आत देणारी म्हणून उभी होते. उंबऱ्यावर उभं राहून घ्यायचं कसं, हे मला येत नव्हतं. तेव्हा ते ओट्यावरचे आजोबा आठवले. त्यांच्या आईने वर्षानुवर्षं टोपली कशी पुढे केली असेल, आणि त्यांच्या बापाला ती फेकताना किती बळ लागलं असेल, हे त्या क्षणी थोडंसं कळलं. थोडंसंच, कारण त्या पोरांनी मला हातात दिलं होतं, वरून टाकलं नव्हतं. मी घेतलं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पुढच्या दाराकडे गेली.

आमच्या वाडीत आज निम्म्याहून अधिक घरांना कुलूप असतं. शिमग्याला दोन दिवस पनवेल, दिवा, विरारहून गाड्या येतात. ज्या घरचे येत नाहीत त्यांच्या बंद दारासमोरही पालखी क्षणभर थांबते, कुणीतरी मोबाइलवर त्यांना दर्शन दाखवतं आणि पैसे फोनवरच येतात. पोरं मोजून पाच-सहा. गेल्या शिमग्यात त्यांतला एक माझ्यापुढे चौकोनी कोड छापलेला कागद धरून उभा राहिला. म्हटलं, मला ते जमत नाही, आणि शंभराची नोट दिली. त्याने बोंब मारली. अगदी जुनी, उलट्या हाताची. मी विचारलं, "दिले ना रे, मग बोंब कशाला?" तर म्हणाला, "आजी, मारायला आवडते."

आता पुण्याचं राहिलेलं सांगते. मुलं निघून गेल्यावर मी वाडगा ठेवायला वळले, तर लिफ्टजवळ एक मुलगी उभी होती. वॉचमनची असावी. सोंग नव्हतं, बादली नव्हती, रोजचा फ्रॉक. टोळीच्या मागे मागे मजले चढत आली होती. मी वाडगा घेऊन पुढे गेले. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मी चटकन थांबले. खेळात नसलेल्या मुलीपुढे वाडगा धरला की त्याचं काय होतं, हे मला आतापर्यंत कळायला हवं होतं. मग नातीला हाक मारली. तिने आपली चेटकिणीची टोपी तिच्या डोक्यावर घातली, स्वतःची बादली तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "चल, वरचे दोन मजले राहिलेत." मी दार लावून घेतलं. मिनिटभराने पुन्हा बेल वाजली. उघडलं तर दोघीही, जोरात ओरडत.

पुढच्या फाल्गुनात नातीला पोलादपूरला आणायचं ठरवलंय. बोंब कशी मारायची ते तो कोडवाला मुलगा शिकवेल.

असो. फार लांबलं. तुमच्याकडे शिमग्याला पोरं काय मागायची, कुणाच्या दारात जायची आणि कुणाच्या नाही, हे आठवत असेल तर जरूर लिहा. विशेषतः दुसरं.